निवडणूक होईपर्यंत थांब

बेंगळुरूत पीएच.डी. करत असताना 2018 साली मी आमच्या संस्थेच्या अंतर्गत समितीवर विद्यार्थ्यांमधून निवडून गेले. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी ही समिती. सगळे तिला आयसीसी म्हणायचे आणि माझ्या जागेला ‘मुलींची प्रतिनिधी’. मीही तेच समजून निवडणूक लढवली. ती जागा खरी कशासाठी असते हे मला निवडून आल्यावर कळलं. तोपर्यंत माझ्या हातून व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा दुसऱ्या एका मुलीला झाला.

आता मी एका कॉलेजात शिकवते. मध्यंतरी एक विद्यार्थिनी अशाच निवडणुकीचं पोस्टर दाखवायला आली. त्यावर ‘प्रत्येक मुलीला न्याय मिळवून देणार’ असं लिहिलं होतं. माझ्या एका पोस्टरवर जवळजवळ हेच वाक्य होतं. मी तिला बसवून घेतलं आणि बरंच काही सांगितलं. ते लिहूनही ठेवावं असं नंतर वाटलं, कारण ही निवडणूक लढवणाऱ्या मुलींना हे सहसा कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे तक्रारीचा मजकूर, तक्रारदाराची, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची आणि साक्षीदारांची ओळख, चौकशीत काय झालं, यातलं काही प्रसिद्ध करायचं नसतं. म्हणून इथे संस्थेचं नाव नाही, विभाग नाही, छळ कसला होता ते नाही आणि निकाल काय लागला तेही नाही. जिच्याबद्दल लिहिते आहे तिला हा मजकूर आधी वाचायला दिला. तिनं काही वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. उरलं ते माझं वागणं. त्याबद्दल मात्र मला काही हातचं राखायचं नाही.

मी निपाणीची. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि पुढच्या शिक्षणाला बहुतेक सगळे कोल्हापूरला. बी.एस्सी.ला कोल्हापुरात असताना प्राचार्यांनी मला एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, नेमलं होतं. महाराष्ट्रात तेव्हा कॉलेजच्या निवडणुका बंद होत्या. 1994च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे गुणवत्तेवर वर्गाचे प्रतिनिधी ठरायचे आणि मुलींची प्रतिनिधी प्राचार्य नेमायचे. एल.आर.चं काम म्हणजे लेडीज रूममध्ये पाणी येत नाही, नळ दुरुस्त करा. गॅदरिंगच्या तालमी उशिरापर्यंत नकोत. खेड्यांतून येणाऱ्या मुलींची शेवटची एस.टी. चुकते, त्यांचं प्रॅक्टिकल आधी घ्या. मुली माझ्याकडे यायच्या, मी स्टाफरूममध्ये जायचे, हट्ट धरायचे आणि काम व्हायचं. मी ते मनापासून केलं. मुलींच्या बाजूनं भांडणारी अशी माझी ओळख तिथे झाली. 2017 साली निपाणीहून रात्रीच्या बसनं बेंगळुरूच्या मॅजेस्टिक स्टँडला उतरले ती हीच ओळख सोबत घेऊन.

त्याच्या आदल्या वर्षी 31 डिसेंबरच्या रात्री एम.जी. रोड आणि ब्रिगेड रोडवरच्या गर्दीत मुलींना जे सोसावं लागलं त्याच्या बातम्या आमच्या घरी सगळ्यांनी पाहिल्या होत्या. आई रोज रात्री फोन करायची, ‘खोलीत आलीस का?’ एवढंच विचारायची. 2018च्या ऑक्टोबरात ‘मी टू’ची लाट आली. वर्तमानपत्रांतली, सिनेमातली, विद्यापीठांतली मोठी नावं रोज बाहेर पडत होती. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या एम. जे. अकबर यांनी 17 ऑक्टोबरला राजीनामा दिला. कँटीनमध्ये बाय टू कॉफी घेऊन बसलं की दुसरा विषय नसायचा. त्या सुमारास समितीतली संशोधक विद्यार्थ्यांची जागा भरायची असल्याची नोटीस लागलेलीच होती. मैत्रिणी म्हणाल्या, तू उभी राहा. मी अर्ज भरला.

समितीची रचना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015च्या विनियमांत दिली आहे. ते 2 मे 2016 रोजी राजपत्रात आले. वरिष्ठ प्राध्यापिका अध्यक्ष, दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन पातळ्यांवरून लोकशाही पद्धतीनं निवडून आलेले तीन विद्यार्थी. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही, म्हणजे समितीला स्वायत्तपणे काम करता यावं. विद्यार्थी सदस्य मुलगीच हवी असं त्यात कुठेही नाही. ती मुलींच्या वतीनं बोलेल असंही नाही. ती चौकशी करणाऱ्यांपैकी एक असते. तक्रारदाराचं ऐकायचं, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं तितक्याच कान देऊन ऐकायचं, साक्षी वाचायच्या आणि इतरांसोबत निष्कर्षावर सही करायची.

हे विनियम प्रचाराच्या काळात माझ्या लॅपटॉपवर होते. त्यातला एकच परिच्छेद मी शोधून काढला, त्याचा फोटो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला आणि बाकी फाइल न वाचता बंद केली. तो परिच्छेद वसतिगृहाबद्दलचा होता. सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असं आयोगानं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आमच्याकडे मुलींना परतायची वेळ होती, मुलांना नव्हती. मी जाहीर करून टाकलं की निवडून आले की ही वेळ रद्द करून घेईन. टाळ्या पडल्या. पण वसतिगृहाच्या वेळा ठरवणं अंतर्गत समितीच्या हातात नसतं, तो वॉर्डनचा आणि प्रशासनाचा विषय. पुढे मुली विचारायला यायच्या, ‘अक्का, टायमिंगचं काय झालं?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी वसतिगृहातल्या मुलींनीच तो परिच्छेद जोडून सह्यांचं निवेदन दिलं. ते काम माझ्या निवडणुकीशिवायही करता आलं असतं आणि वर्षभर आधी करता आलं असतं.

कर्नाटकातही विद्यार्थी संघांच्या थेट निवडणुका बरीच वर्षं बंद होत्या, त्यामुळे निवडणूक कशी असते हे आमच्यापैकी कुणी जवळून पाहिलं नव्हतं. लिंगडोह समितीच्या 2006च्या शिफारशींत हातानं लिहिलेली पोस्टर आणि उमेदवारामागे 5000 रुपयांची मर्यादा असं काही आहे, एवढं कुणीतरी सांगितलं. बाकी सगळं आम्ही टीव्हीवर पाहिलेल्या प्रचारातून उचललं. घोषणा, आश्वासनं, ‘आपल्या माणसाला’ मत. संस्थेतली मराठी मुलं गणपतीच्या निमित्तानं एकत्र यायची. त्यांच्याकडे मी मतं मागितली आणि ‘आपली मुलगी समितीत पाहिजे’ हे वाक्य इतरांना बोलू दिलं. चौकशी करणाऱ्या समितीत कुणाचंही ‘आपलं माणूस’ असता कामा नये, हे तेव्हा सुचलं नाही. त्याचा हिशेब नंतर चुकवावा लागला.

भाषेच्या बाबतीतही मी चुकले. मला कन्नड येतं, पण ते बेळगावकडचं, ‘हौद्री’, ‘इल्लरी’ म्हणणारं. बेंगळुरूत एकदा बोलताना कुणी हसलं आणि मी ते बोलणंच बंद केलं. सगळा प्रचार इंग्रजीत केला. आमच्या वसतिगृहात कलबुर्गी, रायचूर, यादगीर, बिदरकडच्या मुली होत्या. सरकारी शाळांतून, कन्नड माध्यमातून आलेल्या. माझं कन्नड त्यांच्याच कन्नडच्या जवळचं होतं. इंग्रजीत भाषण झाल्यावर त्या टाळ्या वाजवायच्या आणि काही न विचारता निघून जायच्या. माझ्याविरुद्ध उभी असलेली मुलगी शांत, मोजकं बोलणारी. ती जेवणाच्या वेळी मेसमध्ये त्यांच्या टेबलावर बसून कन्नडमध्ये एवढंच सांगायची की तक्रार कुठे द्यायची, कशी लिहायची, मुदत किती. तिनं कसलंही आश्वासन दिलं नाही. मी तिला कमी लेखत होते. आज वाटतं, त्या निवडणुकीत त्या जागेचं काम आधीच सुरू केलेली एकटी तीच होती.

माझ्या मुख्य पोस्टरवर कमला सोहोनी होत्या. मराठी वाचकांना त्यांची गोष्ट ठाऊक असेल. दुर्गा भागवतांची ही बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. अव्वल येऊन पास झाली आणि 1933 साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे प्रवेश मिळेल याबद्दल घरात शंका नव्हती. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमला भागवत बेंगळुरूला येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, ते पाहून रामन यांचं मत बदललं आणि मुलींना संस्थेत प्रवेश सुरू झाला. पुढे केंब्रिजला जाऊन 1939 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पण त्या अपमानाची सल गेली नव्हती. उतारवयात मुंबईतल्या एका सत्कारात त्यांनी ती उघड बोलून दाखवली.

पोस्टरवर मी लिहिलं होतं, ‘त्या एकट्या लढल्या. तुम्हाला एकटीनं लढावं लागणार नाही.’ वाक्य लोकांना आवडलं, मलाही आवडलं. वाचणाऱ्या मुलींना त्यातून असं वाटलं की लढायचं ते माझ्यामार्फत.

आता त्या मुलीबद्दल.

ती माझ्या ओळखीची, माझ्यापेक्षा लहान. प्रचार सुरू व्हायच्या थोडं आधी ती माझ्या खोलीवर आली आणि तिच्या बाबतीत काय घडत होतं ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज स्थिर होता. मोबाइलवरचे काही मेसेज तिनं दाखवले. शेवटी विचारलं, ‘तक्रार देऊ का?’

मी म्हटलं, निवडणूक होईपर्यंत थांब. मग मी आत असेन.

हे एक वाक्य मी का बोलले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एक कारण चांगल्या हेतूचं होतं. समितीतले प्राध्यापक आपल्याला समजून घेणार नाहीत, विद्यार्थिनी आत असली तर तिला धीर येईल, असं मला खरोखर वाटत होतं. पण तेवढंच नव्हतं. मी निवडून येईन आणि माझ्यामुळे एका मुलीला न्याय मिळेल, हे चित्र मला हवं होतं. आणि तिसरं कारण लिहायला सगळ्यांत जड जातं: तिच्या विभागात माझी बरीच मतं होती. प्रचाराच्या मध्येच तक्रार झाली असती तर विभागात दोन तट पडले असते आणि मला कुणाची तरी नाराजी घ्यावी लागली असती. हे मी तेव्हा स्वतःशीही बोलले नव्हते, पण मनात होतं. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर सरळ होतं. जुनी समिती कामावर होती. विद्यार्थ्याची एक जागा रिकामी म्हणून तक्रार घेणं थांबत नाही. तिला दुसऱ्याच दिवशी अर्ज देता आला असता.

निवडणूक दसऱ्याआधी व्हायची होती. ती पुढे ढकलली, दिवाळीनंतर झाली. मग समितीची नव्यानं रचना करणारा आदेश निघायला वेळ गेला. कायद्यातली मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते. योग्य कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, त्यापुढे नाही. मी मुदतीचा आकडा वाचलाच नव्हता, त्यामुळे दिवस जात आहेत याची मला चिंताही नव्हती.

मुदतीपेक्षाही वाईट गोष्ट दुसरी होती. विनियमांत तक्रारदारासाठी तात्पुरत्या सोयी आहेत. चौकशी चालू असेपर्यंत तिची किंवा समोरच्याची जागा बदलता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि त्या काळात तिचा दर्जा आणि लाभ कायम राहतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करू न देण्याची शिफारस करता येते. त्याला तिच्यापासून लांब राहायची ताकीद देता येते. पण हे सगळं तक्रार आल्यावर. तक्रार नसेल तर समितीला यातलं काहीही करता येत नाही. ती थांबली, म्हणजे त्या सगळ्या आठवड्यांत रोज सकाळी त्याच जागी गेली. मी सांगितलं म्हणून. ती मला भेटायची तेव्हा मी विचारायचे, ‘ठीक आहेस ना?’ ती हो म्हणायची आणि मी पोस्टर लावायला जायचे.

आणि मग उमेदवारांची सभा. प्रत्येकाला काही मिनिटं बोलायचं होतं. माझ्याआधीच्या मुलीनं नियम समजावून सांगितले, सभा जरा सुस्तावली. मी उठले आणि म्हटलं, ‘आपल्यातल्याच एका मुलीनं मला जे सांगितलं ते ऐका.’ नाव घेतलं नाही. विभाग बदलला. घटना थोडी फिरवून सांगितली. मला वाटलं एवढं पुरे. पण लहान संस्थेत कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाच्या खोलीवर जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. सभागृह एकदम शांत झालं आणि काही माना एका दिशेला वळल्या. ती मागच्या रांगेत होती. भाषण संपायच्या आत ती उठून गेली. भाषण गाजलं. त्या रात्री मला कितीतरी मेसेज आले. तिचा आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या लॅबमधले लोक तिला विचारू लागले. काही काळजीनं, काही चौकसपणानं. ज्याच्याबद्दल ती सांगत होती त्यालाही सावध व्हायला वेळ मिळाला. तिनं माझ्याशी बोलणं थांबवलं. मला राग आला, हेही कबूल करते. मला वाटलं, मी तिच्यासाठी एवढं करते आहे.

मी मोठ्या फरकानं निवडून आले.

पहिल्या बैठकीआधी समितीच्या अध्यक्षांनी सगळ्या नव्या सदस्यांना बोलावून घेतलं. गोपनीयतेच्या निवेदनावर सही घेतली आणि वाचायला कागद दिले. त्यात विशाखा निकाल होता. 1992 साली राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवींवर बलात्कार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 13 ऑगस्ट 1997ला सर्वोच्च न्यायालयानं दिलेला. त्याखाली पुण्याच्या ‘आलोचना’ केंद्राच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या प्रकरणाचे आदेश होते. विशाखा निकालातल्या मार्गदर्शक सूचना नीट पाळल्या जात नाहीत, हे त्यांनी न्यायालयाला पत्र लिहून कळवलं होतं. त्या पत्राचीच याचिका झाली. त्यात 2004 साली न्यायालयानं सांगितलं की समितीचा अहवाल हा शिस्तभंगाच्या कारवाईसाठीचा चौकशी अहवाल मानावा, पुन्हा वेगळी चौकशी नको. म्हणजे समिती जे लिहील त्यावर एखाद्याची नोकरी, एखाद्याची पदवी अवलंबून. ते वाचताना मला माझं भाषण आठवलं आणि अंगावर काटा आला. ज्या प्रकरणावर मी सही करणार होते त्याचा निकाल मी मतांसाठी आधीच माइकवरून दिला होता.

तिनं तक्रार दिली. माझ्यामार्फत नाही. स्वतः लिहिली, उशीर का झाला त्याचं कारण लिहिलं आणि अध्यक्षांच्या हातात दिली. मला हे अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, तेही इतकंच की एक तक्रार आली आहे आणि त्यात तुम्हाला बसता येणार नाही. तुम्ही या विषयावर जाहीर बोलला आहात, तक्रारदारानं तुम्हाला आधी सांगितलं आहे. उद्या समोरच्यानं हरकत घेतली तर सगळी चौकशी डळमळीत होईल आणि त्याचा तोटा तिलाच. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. मी लेखी देऊन त्या प्रकरणातून बाजूला झाले.

ज्या क्षणासाठी मी तिला थांबवून ठेवलं होतं, त्या क्षणी मी खोलीच्या बाहेर होते.

पुढच्या चौकशीबद्दल मला काही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. उशिराचा परिणाम काय झाला ते तिनंच नंतर सांगितलं, तेवढं तिच्या संमतीनं लिहिते. मधल्या काळात तिचा मोबाइल बिघडला आणि मला दाखवलेले मेसेज गेले. मी तेव्हा ‘स्क्रीनशॉट काढून ठेव, मेल करून ठेव’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. जिनं थोडंफार पाहिलं होतं ती मैत्रीण अभ्यासक्रम संपवून गावी गेली होती.

त्या आठवड्यात गणपतीतल्या मुलांपैकी एक जवळच्या दर्शिनी हॉटेलात भेटला. त्यानं माझ्यासाठी वर्गावर्गांत मतं मागितली होती. कॉफी घेताना सहज म्हणाला, ‘काय चाललंय आत? आपल्याला तरी सांग.’ त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपली मुलगी आत आहे, मग आपल्याला कळायला हवं, एवढंच. त्याला तसं वाटावं याची सोय मीच केली होती. मी नाही म्हटलं तेव्हा तो दुखावला आणि आमची मैत्री तिथे संपली.

कमलाबाईंचं पोस्टर बरेच दिवस माझ्या खोलीत गुंडाळून पडलं होतं. 1933 साली त्यांना नाकारणारा माणूसच संस्थेचा प्रमुख होता. त्याच्याविरुद्ध दाद मागायला दुसरं दार नव्हतं. म्हणून त्यांना त्याच्यासमोर उभं राहावं लागलं आणि त्याच्याच अटी मान्य कराव्या लागल्या. माझी आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिथल्या एका मुकादमाचा विषय निघाला की ती इतकंच म्हणायची, ‘सांगायचं कुणाला गं?’ इतकी शिकलेली बाई आणि माझी न शिकलेली आजी, दोघींना सांगायला जागा नव्हती. 2018 साली ती जागा होती. अनेक बायकांनी कोर्टकचेऱ्या करून, वर्षं घालवून ती मिळवली होती. आणि तिथे निघालेल्या एका मुलीला मी वाटेत थांबवलं होतं.

समितीत मी मुदत संपेपर्यंत राहिले. इतर प्रकरणांत बसले. त्यांबद्दल काहीच लिहिता येणार नाही, पण विद्यार्थी सदस्याचा तिथे खरा उपयोग काय हे लिहिता येतं. ज्येष्ठ प्राध्यापकांना आजच्या विद्यार्थ्याचं आयुष्य आतून माहीत नसतं. कल्पित उदाहरण देते. एखादी मुलगी रात्री एक वाजता लॅबमध्ये होती, यावर ‘इतक्या उशिरा का?’ असा प्रश्न सहज येतो. विद्यार्थी सदस्य सांगू शकते की ते यंत्र दिवसा ज्येष्ठांना मिळतं, नव्या मुलांना रात्रीचीच वेळ मिळते. ‘तिनं लगेच नकार का दिला नाही?’ असं कुणी विचारलं तर ती सांगू शकते की फेलोशिपच्या कागदावर कुणाची सही लागते आणि ती महिनाभर अडली तर खोलीचं भाडं कसं थकतं. हे कुणाच्या बाजूनं बोलणं होत नाही. प्रकरण नीट समजायला लागणारी माहिती म्हणून ते पुढे ठेवायचं असतं. आणि हीच माहिती ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या बाजूचीही निघू शकते, तेव्हाही ती तितक्याच स्वच्छपणे सांगावी लागते. यासाठी निवडून येताना लागते ती विश्वासार्हता. सगळ्यांनी, अगदी उद्या ज्याच्यावर आरोप होईल त्यानंही, हिच्यापुढे आपलं म्हणणं मांडता येईल असं म्हणावं. मी मतं मागितली ती याच्या उलट कारणासाठी.

प्रकरण संपल्यावर बऱ्याच काळानं मी तिला भेटायला गेले. मल्लेश्वरमच्या एका बागेत बसलो. मी माफी मागितली, भाषणाची आणि थांबवल्याची, दोन्हींची वेगवेगळी. ती म्हणाली की भाषणाचा राग तिनं सोडून दिला होता. थांबवल्याचा नव्हता सोडला. ‘मी तुला विचारलं होतं, देऊ का. तू हो म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी दिली असती.’ मी यावर काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. आता आमचं बोलणं होतं, पण पूर्वीसारखं नाही, आणि ते पूर्वीसारखं व्हावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क आहे असं मी मानत नाही.

पोस्टर घेऊन आलेल्या त्या विद्यार्थिनीनं ‘न्याय मिळवून देणार’ हे वाक्य खोडलं. त्याजागी समितीचा पत्ता, ईमेल आणि मुदत लिहिली, मराठीत आणि इंग्रजीत. तिच्या घोषणेला टाळ्या पडणार नाहीत, कदाचित ती हरेलही. मला ते पोस्टर बरोबर वाटतं.

जी मुलगी अशा समितीसाठी उभी राहते आहे तिला माझी विनंती आहे की प्रचाराच्या काळात कुणी विश्वासानं काही सांगितलं तर ते भाषणात येऊ देऊ नका, बदलूनही नाही. तिला त्याच दिवशी सध्याच्या समितीकडे जायचा रस्ता दाखवा, मेसेज जपून ठेवायला सांगा, तिला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला समितीनंच मदत करायची असते हे सांगा, आणि मग त्या प्रकरणातून स्वतः बाजूला व्हा.

आणि जिला तक्रार द्यायची आहे तिनं कुणी निवडून यायची वाट पाहू नये. तीन महिने घटनेच्या दिवसापासून मोजतात. घटना एकापेक्षा जास्त असतील तर शेवटच्या घटनेपासून. समितीत विद्यार्थ्यांमधून कोण बसलं आहे, निवडणूक झाली आहे की व्हायची आहे, याचा त्या मोजणीशी काही संबंध नाही.